चेंडू हलला

१ जानेवारी २०२६, गुरुवार. सकाळी ६.१०

नवी डायरी. कालिंदीने विचारलं, हिच्यात काय लिहिणार? म्हटलं, खरं तेवढंच. म्हणाली, मग लहान आणायची होती.

बायकोचा स्वभाव थट्टेचा आहे. सव्वीस वर्षं झाली.

संकल्प तीन. एक, रोज पूजेनंतर गोल्फच्या नियमांचं एक पान वाचायचं, तीन वर्षं वाचतो तसंच. दोन, खोटं बोलायचं नाही (हे चालूच आहे, लिहून ठेवलं इतकंच). तीन, ११ तारखेचा हिवाळी कप जिंकायचा.

इथे काशीत रेल्वेच्या कारखान्यात भांडार विभागात मी वीस वर्षं आहे. कॉलनीत नऊ होलचं मैदान आहे, कर्मचाऱ्यांना खुलं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. नुसतं चालणं मला जमेना, कारण कुठे जायचं ते कळेना. गोल्फमध्ये ते चेंडू ठरवतो. आपण मागून जायचं.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी सांगत, कुणी बघत नसताना तू जसा वागतोस ते तुझं खरं नाव. या खेळात पंच नाही. आपला दंड आपणच सांगायचा. गुरुजींनी गोल्फ पाहिलं असतं तर त्यांना आवडलं असतं.

नियमांचं पुस्तक देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. क्लबात मला नियमबाबू म्हणतात. आदराने.

४ जानेवारी, रविवार

सराव. दाट धुकं. आपला चेंडू आपणच मारला की नाही तेही कळत नव्हतं.

गोपीनाथकाका भेटले. वय बहात्तर. ब्रह्मा घाटावरचं जुनं मराठी घराणं, सात पिढ्या काशीत. त्यांची मराठी अर्धी गंगेत भिजलेली आहे. म्हणाले, काय रे शिवराम, एवढ्या कोहऱ्यात आलास, तुझी बायको काही बोलत नाही? म्हटलं, बोलते म्हणूनच आलो.

कारखान्यातून ते ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. कपात नऊ वेळा दुसरे आले. क्लबाच्या व्हरांड्यात विजेत्यांच्या नावांचा फळा आहे, त्यावर दुसऱ्याचं नाव लिहीत नाहीत. गुडघे गेलेत. फेब्रुवारीत मुलीकडे पुण्याला जायचं, ऑपरेशन करायचं आणि तिथेच राहायचं असं ठरलं आहे. म्हणजे हा त्यांचा शेवटचा कप.

मागच्या वर्षी ते एका फटक्याने हरले होते. वाळूच्या खड्ड्यात चेंडूजवळचं वाळकं पान उचलताना त्यांचा चेंडू गव्हाच्या दाण्याइतका सरकला. पान उचलायला परवानगी आहे, पण चेंडू हलला तर एक दंड, म्हणजे एक फटका जास्त धरायचा. मी ते पाहिलं आणि सांगितलं. सांगावंच लागतं. काका म्हणाले, बरोबर आहे, लिही. मग मला चहा पाजला.

सहाव्या होलपाशी तळं आहे. लाल खुंट्यांच्या आतलं सगळं हॅझर्ड, म्हणजे अडथळ्याची जागा. नव्या पुस्तकात तो शब्द बदलला आहे, आमच्या तोंडात जुनाच बसला. काठाने बेशरमीची झुडपं माजली आहेत. इकडे त्याला बेहया म्हणतात. कितीही तोडा, पुन्हा उगवतं.

६ जानेवारी, मंगळवार

अंगारकी. उपास. देवाकडे कप मागितला नाही, असल्या गोष्टी मागू नयेत. रविवारी स्पर्धा आहे, एवढं फक्त कानावर घातलं.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५.००

जिंकलो.

४४ फटके. गोपीनाथकाका ४५. या खेळात कमी फटके मारणारा जिंकतो. बाकीचे पन्नाशीच्या पुढे.

आम्ही दोघं एका जोडीत होतो. फटक्यांचं कार्ड एकमेकांचं एकमेकांनी लिहायचं असतं, तसं माझं कार्ड काकांकडे. सहाव्या होलवर माझा चेंडू तळ्याकडे गेला. लाल खुंट्या ओलांडून बेशरमीत शिरलो. धुकं होतं. काका गुडघ्यांमुळे वर बांधावरच थांबले, वीसेक पावलांवर.

चेंडू दिसला. एक फांदी आडवी येत होती, ती बाजूला केली. चेंडू हलला. दोन बोटं उताराकडे गेला आणि थांबला.

वरून काकांनी विचारलं, मिळाला? म्हटलं, मिळाला. मग म्हणाले, हलला का काय रे? मी म्हटलं, मी नाही हलवला, काका.

हे अक्षरशः खरं आहे. मी फांदी हलवली. चेंडू आपला आपण हलला.

परत जागेवर ठेवायला हवा होता असं कुणी म्हणेल. पण धुक्यात नेमकी जागा कोणती? आणि ठेवला असता तर तो मी हलवला असा अर्थ झाला असता. तिथूनच मारला. फटका असा बसला की आयुष्यात तसा बसला नव्हता.

शेवटी काकांनी कार्ड पुढे केलं. माझ्या चष्म्यावर दव होतं. सही केली. वाचूनच केली, न वाचता सही करण्याची माझी सवय नाही. म्हणजे वरचं नाव वाचलं, ते माझंच होतं.

मनातल्या मनात मी ४३ मोजले होते. थंडीत कुठेतरी एक विसरलो असेन. एखादा जास्त धरला गेला असला तरी तक्रार करणार नाही. असा मी आहे.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी

पुस्तक उघडलं, नेमकं तेच पान निघालं. (काल खूण घालून ठेवली होती.)

शोधताना चुकून धक्का लागून चेंडू हलला तर दंड नाही. परत जागेवर ठेवायचा. चेंडू सापडल्यावर हलवला तर एक दंड. परत जागेवर ठेवायचा. न ठेवता तसाच मारला तर सगळे मिळून दोन.

म्हणजे प्रश्न एकच. फांदी बाजूला केली तेव्हा चेंडू मला सापडलेला होता का?

दिसला होता. पण दिसणं म्हणजे सापडणं नव्हे. देव पुष्कळांना दिसतो.

शिवाय तो माझाच आहे याची तरी खात्री कुठे होती? माझ्या चेंडूंवर मी लाल शाईने 'श्री' काढतो. श्री दिसत होतं. पण उलटं.

पुढचं कलम: दंड माहीत असून कार्डावर लिहिला नाही तर खेळाडू स्पर्धेतून बाद, निकाल लागून गेला तरी. माहीतच नसेल तर बाद नाही. मला माहीत नव्हता. तीन वर्षं रोज एक पान वाचतो, पण त्या क्षणी माहीत नव्हता.

दोन दंड धरले तर माझे ४६ होतात. काकांचे ४५ आहेत.

पुस्तक मिटलं. आता महिनाभर पूजेनंतर दुसरं काहीतरी वाचावं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काकांना आज सरळ सांगून टाकायचं ठरवून क्लबात गेलो. ते व्हरांड्यात फळ्याखाली बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हातावर तिळगूळ आणि हलवा ठेवला आणि म्हणाले, गोड बोल.

आता यावर माणूस काय बोलणार? सणाच्या दिवशी कडू शब्द तोंडातून काढू नये.

काटेरी हलवा त्यांच्या सुनेने घरी केला आहे, पुण्यात शिकून आली. पांढरे शुभ्र दाणे, अंगभर उंचवटे. फार जवळून बघू नयेत. तळहातावरून एक दाणा सुटला, टेबलावर दोन बोटं गेला आणि थांबला. काका त्याच्याकडे बघत राहिले, मी काकांकडे.

हलला, मी म्हटलं.

काका म्हणाले, उचलून खाऊन टाक, काही होत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी पूजा करताना बाळकृष्ण ताम्हनात घरंगळला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. कालिंदी स्वयंपाकघरातून म्हणाली, काय पडलं? मी म्हटलं, मी नाही पाडला.

ती बाहेर आली. म्हणाली, अहो, मी काय पडलं विचारलं, कुणी पाडलं ते नाही.

१८ जानेवारी, रविवार

मौनी अमावास्या. खरं तर आजच सांगायचं होतं. पण आज बोलायचं नसतं. पाप फेडायला जावं आणि व्रतभंगाचं नवं घेऊन यावं, यात शहाणपण नाही.

पहाटे राजा घाटावर स्नान. पाणी सुयांसारखं. धुक्यात पलीकडचा काठ नव्हता. पाण्यावर मात्र शेकडो पांढरे ठिपके तरंगत होते. दर थंडीत हे पक्षी दूर उत्तरेकडून येतात, नावाडी त्यांना शेव टाकतात. मी हे दरवर्षी पाहतो. पण आज नाव जवळून गेली आणि ते सगळेच्या सगळे एकदम हलले.

नाक धरून तिसरी बुडी मारली ती बरीच लांबली. शेजारचे गृहस्थ घाबरून म्हणाले, का गुरु, ठीक हौ? मौन असल्यामुळे मान हलवली.

एक बरं झालं. मौनात मन स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ झालं की तळ्याकाठची प्रत्येक काडी दिसायला लागली.

२२ जानेवारी, गुरुवार

माघी गणपती. संध्याकाळी काकांच्या घरी ब्रह्मा घाटावर आरतीला. दीड दिवसाचा असतो. कालिंदीने जास्वंदीची एकवीस फुलं नेली. काका गादीवर पाय पसरून बसले होते. म्हणाले, शेवटचा गणपती रे इथला, पुढच्या साली पुण्यात, तिकडे लोक सोसायटीत विचारून आरती करतात म्हणे.

उद्या उत्तरपूजेला ये, म्हणाले. गुडघा वाकत नाही, हाताखाली कुणी हवं.

आज सांगणं बरं दिसलं नसतं. बाहेरची माणसं होती.

२३ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ३.००

 

उत्तरपूजा काकांनी बसल्या बसल्या सांगितली. अक्षता वाहिल्या. मग म्हणाले, शिवराम, हलव.

विसर्जनाआधी मूर्ती जागेवरून जराशी हलवायची असते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. हलवली की देव निघाला. आमच्या गावी वडील हलवत आणि आई पदर डोळ्याला लावी. पण काकांच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा माझा हात तिथेच थांबला. एका बोटाने स्पर्श केला. मूर्ती हलली नाही.

काका म्हणाले, अरे, दोन बोटं तर हलवायची आहे. तुला जमतं की.

दोन बोटं.

हलवली. घरातले सगळे नमस्कार करत होते. मी हळूच विचारलं, काका, हलवून परत जागेवर ठेवली तर? ते म्हणाले, मूर्ती ठेवता येईल रे. जो निघून गेला त्याला कसा ठेवशील?

मग मोदक दिला. मोठा होता. तो मी घाटाच्या पायऱ्यांवर बसून खाल्ला, सावकाश, चारी बाजूंनी.

काकांना काही माहीत असणं शक्य नाही. वीस पावलं, तेही धुक्यात, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी. (ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये झालं, आता लांबचं स्वच्छ दिसतं म्हणतात. पण म्हातारी माणसं असं म्हणतातच.)

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर बक्षीससमारंभ. कप मिळाला. आत थोडं पाणी साचलं होतं.

नंतर चहा, समोसे आणि गाजराचा हलवा. दरवर्षी चहा-समोसेच असतात. सेक्रेटरी विश्वजीत सिंह यांनी माइकवर सांगितलं की इस बार हलवा गोपीनाथ काका की खास फरमाइश पर है. काका चकित झाले. त्यांना मधुमेह आहे. त्यांनी विश्वजीतला जवळ बोलावून काहीतरी विचारलं, विश्वजीतने खिशातून पेन काढून हवेत काहीतरी लिहून दाखवलं. आणि काका हसायला लागले. इतके, की डोळ्यांत पाणी आलं, इंदूने येऊन पाठ चोळली. इंदू म्हणजे त्यांची पुण्याची मुलगी, न्यायला आली आहे.

मग काकांनी हलव्याची बशी माझ्याकडे पाठवली. निरोप असा: शिवरामला द्या, त्याचाच आहे.

खाल्ला. तूप भरपूर होतं. 

फळ्यावर माझं नाव रंगवायला माणूस बुधवारी येणार आहे. त्याच्या आत सांगायला हवं.

२९ जानेवारी, गुरुवार

रंगवून झालं. तो माणूस मंगळवारीच आला. याला मी काय करणार.

तरी क्लबाला पत्र लिहायला बसलो. मराठीत लिहिता येईना. मराठीत कर्ता बसवावा लागतो. 'चेंडू हलला' म्हटलं तर आपोआप. 'हलवला' म्हटलं तर कुणी, ते सांगा. मधलं काही नाही. इंग्रजीत मात्र बॉल मूव्ह्ड म्हटलं की दोन्ही होतं. ऑफिसच्या पद्धतीने मसुदा केला. सादर करण्यात येते की सहाव्या होलवरील चेंडू, प्रचलित हवामानात, स्थानांतरित झाल्याचे निदर्शनास आले. सुंदर उतरला. कालिंदीला वाचून दाखवला, मूळ प्रकरण न सांगता. ती म्हणाली, कुणाची बदली झाली का?

पत्र फाडलं.

१ फेब्रुवारी, रविवार

माघी पौर्णिमा. बोलण्यापेक्षा कृती बरी. ठरवलं की तो चेंडूच गंगार्पण करायचा आणि विषय संपवायचा. राजा घाटावर गेलो. चेंडू ओंजळीत घेतला, श्री वर करून. अर्घ्य देतात तसा सोडणार, तेवढ्यात मागून कुणाचा तरी धक्का लागला. चेंडू पायरीवर पडला, टप्पे घेत खाली गेला, आणि कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी झेलला. त्यांनी श्री वाचलं. कपाळाला लावलं. भिजलेल्या अंगाने आठ पायऱ्या चढून आले आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. म्हणाले, भगवान का नाम है बाबूजी, सँभाल के रखिए.

घरी आणला. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात नियमांच्या पुस्तकावर ठेवला. तिथे तो गोल फिरून पुस्तकाच्या कडेला जातो. दर वेळी मधोमध ठेवतो, सकाळी कडेला असतो. घराची फरशी उतरती आहे हे मला बावीस साली राहायला आलो तेव्हापासून माहीत आहे.

तरी आज पूजा लवकर आटोपली.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी

आज सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं.

ऑफिस सुटल्यावर थेट विश्वजीत सिंह यांच्याकडे गेलो. दार लावून घेतलं. म्हटलं, सहाव्या होलवर माझ्याकडून गेंद हिल गई थी. एवढं बोलायला पंचवीस दिवस लागले. छाती मोकळी झाली. म्हटलं, कप परत घ्या, नाव पुसा, काकांचं लिहा.

त्यांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. मग फाइल काढली, माझं कार्ड काढलं. सहाव्या चौकटीत माझ्या हिशेबाने ५ असायला हवे होते. तिथे ६ होते. आणि शेजारी काकांच्या थरथरत्या अक्षरात दोन-तीन बारीक शब्द.

विश्वजीत म्हणाले, काका ने यहाँ कुछ लिखा भी था, शिवराम बाबू, हम तो समझे फरमाइश है. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं: चेंडू, हलवा ला.

चेंडू कौन है, पता ही नहीं चला, म्हणाले, तो हलवा हमने ही मँगवा लिया.

मी चष्मा पुसून पाहिलं. चेंडू हलवला. पुढे +१. आणि सगळ्यांत खाली माझी सही.

म्हणजे काकांनी पाहिलं होतं. त्यांना दिसलं होतं, मी खोटं बोललो तेही ऐकू आलं होतं. चारचौघांत एक शब्द न बोलता त्यांनी दंड लिहिला, कार्ड माझ्यापुढे धरलं, आणि मी सही केली. मागच्या साली मी त्यांचा दंड ओरडून सांगितला होता. ४३ मध्ये एक मिळवून ४४. दंडासकट मी जिंकलो होतो. पंचवीस दिवस मी ज्याला घाबरत होतो ते पहिल्याच दिवशी लिहून झालं होतं.

विश्वजीत म्हणाले, सब तो ठीक है फिर. और कुछ?

एक गोष्ट होती. काकांनी एकच दंड धरला, कारण चेंडू हलल्यावर मी तो परत जागेवर ठेवला असंच त्यांनी धरलं. मी वाकलो होतो, बांधावरून माझी पाठ दिसत होती, हात दिसत नव्हते. जागेवर ठेवला नसेल असं त्यांच्या मनातच आलं नसणार. दुसरा दंड कुणी पाहिलेला नाही. तो फक्त मला माहीत आहे.

म्हटलं, नहीं, और कुछ नहीं. हलवा अच्छा था.

रस्त्यात हिशेब केला. दुसरा धरला तर माझे ४५. काकांचे ४५. बरोबरी. बरोबरी म्हणजे कुणीच हरलं नाही. जो हरला नाही त्याच्या घरी कप असला तर फार चूक नाही. बाद होण्याचं ते कलम पुन्हा पाहायला हवं, पण पुस्तक देव्हाऱ्याखाली आहे आणि संध्याकाळची आंघोळ झाली नव्हती.

काका रविवारी जाणार. त्यांना मात्र स्टेशनवर सांगणार. नक्की.

७ फेब्रुवारी, शनिवार

कालिंदीला सगळं सांगितलं. तिने जेवण थांबवून ऐकलं. मग म्हणाली, अहो, उचलून ठेवायला किती वेळ लागला असता? म्हटलं, क्षणभर. ती म्हणाली, मग तेवढाच वेळ लागेल उद्या सांगायला.

तिला गोल्फ कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.००

दुपारी कँट स्टेशन. पुण्याची गाडी. कप पिशवीत घालून नेला होता. काकांच्या हातात ठेवायचा, दोन वाक्यांत सांगायचं, पायाला हात लावायचा. वाक्यं पाठ केली होती. मी चेंडू हलवला. मी तो परत ठेवला नाही. दोन्हींत कर्ता 'मी'.

काका खिडकीत बसले होते, गुडघ्यावर शाल. इंदू सामान बाकाखाली सरकवत होती. काकांनी पिशवीत डोकावून पाहिलं. म्हणाले, अरे गुरु, हे कशाला आणलंस, गाडीत पाणी मिळतं. इंदू हसली. मीही हसलो. त्यात थोडा वेळ गेला. मग हवापाणी निघालं, पुण्यात धुकं असतं का वगैरे. त्यात थोडा गेला.

मग काकाच गजांजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, विश्वजीतने फोन केला होता. आपण होऊन सांगायला गेलास, बरं केलंस. मला माहीत होतं तू जाशील. मग म्हणाले, एकच विचारतो. तेव्हा मला वरून दिसलं नाही. चेंडू जागेवर ठेवलास ना रे परत?

मी तोंड उघडलं. वाक्यं दोन्ही तयार होती.

गाडी हलली.

आवाजात मी काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मान हलली. काकांच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम गेली. त्यांनी गजातून हात काढून माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाले, बस, एवढंच. मग खिडकी पुढे गेली.

कप घेऊन परत आलो. कालिंदीने पिशवीकडे पाहिलं.

आता ११ जानेवारीचं पान उघडून बसलो आहे. चेंडू हलला, असं माझ्याच अक्षरात आहे. निदान इथे तरी दुरुस्ती करावी, ही डायरी खऱ्यासाठी आणली होती. ल आणि ला यांच्यामध्ये एक व घालायचा. जागा फार कमी आहे. बारीक निबेचं पेन घेतलं, श्वास धरला, घातला. चष्मा लावून, सावकाश वाचलं तर हलवला वाचता येतं. घाईत पाहिलं तर अजून हललाच वाटतं.

आज वर 'मान हलली' लिहिलं आहे. तिथे मात्र आधीच थोडी जागा सोडून ठेवली आहे.